मैदान आधी ठोकळ्यांत, मग फक्कीनं

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आमच्या बैठ्या घरांच्या ओळीमागे एक मोकळा भूखंड आहे. ५२ मीटर लांब, ३४ मीटर रुंद. हे आकडे मला पाठ आहेत, कारण भाच्याला दुसऱ्या टोकाला उभं करून तीन संध्याकाळी मी स्वतः टेप धरून ते मोजलेत. भूखंडावर तीन गुलमोहर, एक सोनमोहर आणि भिंतीलगत आपोआप उगवलेला एक उंबर. एका कोपऱ्यात बंद पडलेली पंपाची खोली. गल्लीच्या बाजूला लोखंडी फाटक, त्याला कायम कुलूप. मागच्या कुंपणाच्या भिंतीला एक भगदाड आहे आणि खरी ये-जा तिथूनच चालते. घरं दुरुस्त करणाऱ्यांनी आणून टाकलेला राडारोडा, रात्री उभे राहणारे टेम्पो, सकाळी पोरांचं क्रिकेट. बायका तिथून जातात, पण थांबत नाहीत. संध्याकाळी सातनंतर तर बहुतेक जणी जातही नाहीत, मुख्य रस्त्यानं वळसा घालतात.

मी याच ओळीत वाढले. वडील माथाडी कामगार, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, आमच्या ओळीतल्या बऱ्याच घरांसारखं. लग्नानंतर चार ओळी सोडून पलीकडे गेले, एवढाच काय तो माझा प्रवास. वाशीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली एकोणीस वर्षं ड्राफ्टिंग, म्हणजे नकाशे काढायचं काम करते. दुसऱ्यांच्या जागा आखून देण्यात दिवस जातो, म्हणून एकदा वाटलं, आपल्या दारामागची जागा का आखू नये?

पहिल्यांदा मी माझ्या सवयीनं गेले. भूखंडाचा प्लॅन काढला, त्यात चालायची वाट, बाक, दिवे, मुलांसाठी कोपरा असं सगळं बसवलं, ए-वन कागदावर प्रिंट मारली आणि मंडळाच्या अभ्यासिकेत भिंतीला लावली. वीसेक माणसं आली. सगळ्यांनी पाहिलं, "छान झालंय" म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. कुणी एक प्रश्न विचारला नाही, एक हरकत घेतली नाही. फक्त आमच्या शेजारचे आप्पा, वडिलांच्या माथाडी टोळीतले, बराच वेळ कागदापुढे उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यात आपलं घर कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते दिसलं नव्हतं हे मला कळलं. वरून पाहिलेली जागा वाचता येणं हे शिकलेलं कसब आहे. मला स्वतःला पहिल्या नोकरीत जिना कुठल्या दिशेनं चढतोय हे कळायला महिने लागले होते. ज्या माणसानं ती जागा तीस-पस्तीस वर्षं पायाखाली घातली, त्याच्यापुढे मी अशी भाषा ठेवली होती की त्याला बोलायला तोंडच उरलं नाही.

हे मला जास्त लागलं, कारण आमचं शहरच कागदावर जन्मलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि गावांच्या शेतांवर, मिठागरांवर सेक्टर आखले गेले. त्या आराखड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. रुंद रस्ते, रेल्वेशी जोडलेले नोड, म्हणजे छोटी उपनगरं, प्रत्येक सेक्टरात शाळेला आणि मैदानाला जागा, हे देशात फार कमी ठिकाणी झालं. पण मैदानासाठी जागा सोडणं वेगळं आणि त्या जागेत कुणाला काय लागतं ते विचारणं वेगळं. आमचा भूखंड नकाशात 'खुली जागा' म्हणून रंगवलेला आहे आणि गेली कित्येक वर्षं तो तेवढाच आहे.

भाचा नववीत. मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतो, ठोकळे रचून जग बांधायचा खेळ. एका रविवारी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, तुझा प्लॅन मी बांधू का?" मला आधी काही कळलं नाही. मग त्यानं सांगितलं की त्या खेळातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. म्हणजे त्या जगाला मोजमाप होतं! ५२ ठोकळे इकडे, ३४ ठोकळे तिकडे.

त्या रात्री मी वाचत बसले. जे मला नवं होतं ते जगात बऱ्याच जणांनी करून पाहिलेलं होतं. स्वीडनमध्ये जुन्या वसाहतींच्या नूतनीकरणात रहिवाशांना सामील करून घेण्यासाठी हा खेळ आधी वापरला गेला. मग २०१२ मध्ये शहरं आणि वस्त्यांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट संस्थेनं खेळ बनवणाऱ्या मोयांग कंपनीबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. नैरोबीतल्या किबेरा वस्तीतलं मैदान हा त्यांच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. पद्धत साधी: आधी सगळ्यांनी मिळून खऱ्या जागेत फेरी मारायची, मग लहान गटांत संगणकावर ती जागा हवी तशी बांधायची, मग प्रत्येक गटानं आपलं काम इतरांपुढे मांडायचं आणि शेवटी काय आधी, काय नंतर ते एकत्र ठरवायचं. किबेरात जमलं तर कोपरखैरण्यात का जमू नये, हा विचार मग डोक्यातून जाईना.

मूळ खेळासाठी प्रत्येक खात्याचे पैसे पडतात, ते आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. ऑफिसातल्या एका मुलानं तसंच ठोकळ्यांचं मिनेटेस्ट सुचवलं. हे २०१० पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०२४ मध्ये त्याचं नाव बदलून 'लुआन्टी' झालं. फुकट, जुन्या लॅपटॉपवरही चालणारं आणि इंटरनेटशिवाय एका राउटरवर सगळे एकाच जगात शिरू शकतील असं. ओळीतून, नातेवाइकांकडून मागून सात लॅपटॉप जमले. दोन तर इतके जुने होते की बॅटरी काढून थेट प्लगवर चालवावे लागले.

मोजणीचा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण पुढची गडबड तिथूनच झाली. तीस मीटरच्या टेपनं चारही बाजू मोजल्या, मग दोन्ही कर्ण. एक ६२ भरला, दुसरा ६१ च्या थोडा पुढे. म्हणजे भूखंड गुण्यात, नेमक्या काटकोनात नव्हता. झाडांचे बुंधे, पंपाची खोली, फाटक, भगदाड, आजूबाजूच्या घरांची दारं आणि खिडक्या, सगळ्यांची अंतरं वहीत उतरवली. ओळखीच्या गवंडीदादांनी त्यांचा लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, त्याला अजून तोड नाही. फाटकापासून उंबराच्या कोपऱ्यापर्यंत उतार निघाला ४० सेंटिमीटर. हे मी वहीत लिहिलं. पण ठोकळा एक मीटरचा, अर्धा ठोकळा पन्नास सेंटिमीटरचा. चाळीस सेंटिमीटर ५२ मीटरांत पसरलेले, ते दाखवायचे कसे? मी जमीन सपाट केली आणि पुढे गेले.

बांधायला मला आणि भाच्याला पंधरा दिवस लागले, रात्री नऊ ते अकरा. भूखंडापेक्षा आजूबाजूची घरं जास्त मन लावून बांधली. कुणाच्या दाराला निळा रंग, कुणाच्या ओट्यावर तुळस, कुणाच्या गच्चीवर पत्रा. आप्पांचा प्रश्न डोक्यात होता. माणसानं त्या जगात पाऊल टाकल्याबरोबर त्याला आपलं घर दिसलं पाहिजे, एवढंच मी ठरवलं होतं.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम केली. या जगात परवानगी दिली तर उडता येतं. ती परवानगी मी सगळ्यांची काढून घेतली. वरून बघायला लागलं की पुन्हा प्लॅन झाला. इथं सगळ्यांनी चालायचं, डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, जसे आपले असतात. भाचा नाराज झाला, पण पुढे त्यालाही पटलं.

पहिला रविवार वाया गेला असं म्हणणार नाही, पण दुखावून गेला. सकाळी दहाची वेळ ठेवली होती. एकतीस जण आले, त्यातली बावीस मुलं, आणि त्यातही मुलगेच जास्त. त्यांनी माउस पकडले ते सोडलेच नाहीत. तासाभरात भूखंडावर स्टेडियम, पोहण्याचा तलाव आणि आठ मजली मनोरा उभा राहिला. दोन मुली खुर्च्यांमागे उभ्या राहून बघत होत्या. बायका चार आल्या. रविवारी सकाळी दहाला घरात पाणी भरणं, कपडे, मटणाचा रस्सा, पाहुणे. मी स्वतः बाई असून हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गावठाणातलं तर कुणीच आलं नाही. भगदाडाच्या पलीकडून गावाची वाट सुरू होते, तिथल्या आगरी-कोळी बायका रोज याच भूखंडातून बसथांब्यावर जातात, आणि त्यांना बोलवायला मी गेलेच नव्हते.

त्या आठवड्यात घरोघर फिरले. गावात दोन संध्याकाळी गेले, मावशींच्या ओट्यावर बसले, लॅपटॉपवर त्यांचीच वाट दाखवली. दुसऱ्या रविवारी वेळ दुपारी तीनची ठेवली आणि बसायची पद्धत बदलली. प्रत्येक लॅपटॉपवर एक वयस्क माणूस, एक किंवा दोन बायका, दोन मुलं. नियम एकच: ज्याच्या हातात माउस, त्यानं ठरवायचं नाही. सांगणारा वेगळा, हात चालवणारा वेगळा. आप्पा हे ऐकून म्हणाले, "म्हंजी टोळीच झाली की. ह्यो मुकादम, ही वजन उचलणार." मग दिवसभर सगळे गटांना टोळ्याच म्हणत होते. पहिल्या टोळीत आप्पा मुकादम आणि त्यांची सहावीतली नात हात चालवणारी.

आप्पांना त्या पडद्यावर घर दिसलं, तो क्षण मी विसरणार नाही. नातीनं भूखंडातून वळवून ओळीकडे तोंड केलं आणि आप्पा एकदम पुढे झुकले. "थांब. ह्यो आपला ओटा. पर हितं पायरी दोन न्हाईत, तीन हायत." वहीत पाहिलं तर खरंच तीन होत्या. नातीनं तिसरी पायरी लावली. त्यानंतर आप्पांना थांबवणं शक्य नव्हतं. उंबराखाली बाक हवा म्हणाले. नातीनं एक पूर्ण ठोकळा ठेवला. "ह्यो तर गोणीचा थर झाला, ह्याच्यावर चढून कोण बसणार?" मग तिनं अर्धा ठोकळा ठेवला, पन्नास सेंटिमीटरचा. आप्पांनी आपल्या गुडघ्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, हा बरोबर आहे. मी म्हटलं, नेहमीचे बाक याहून थोडे बुटके असतात. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही प्लॅनच्या बैठकीत मला कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर गेलेली असते. बुटक्या बाकावर तो बसतो, पण उठताना त्याला दुसऱ्याचा हात मागावा लागतो, आणि हात मागायला लागू नये म्हणून तो बसतच नाही. ओळीतले आठ-दहा म्हातारे संध्याकाळी उभे राहूनच का बोलतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. त्यांनी बाकाला एका बाजूला धरायला दांडाही मागितला. तो ठोकळ्यांत नीट बसेना, म्हणून नातीनं कुंपणाचा खांब लावून भागवलं.

पिचची भांडणं झाली. क्रिकेटचं पिच बावीस यार्डांचं, म्हणजे साधारण वीस मीटर, म्हणजे वीस ठोकळे. मुलांनी ते मधोमध आडवं घातलं, बायकांच्या टोळीनं चालायची वाट नेमकी त्याच्यावरून नेली. आवाज वाढले. मग एका दहावीतल्या मुलानं पिचच्या एका टोकाला उभं राहून बॅट्समनला दिसेल तसं बघितलं. समोर कुणाची तरी खिडकी होती, गेल्या वर्षी तीच फुटली होती. त्यानं पिच उचलून कर्णाच्या दिशेनं तिरकं घातलं, पंपाच्या खोलीच्या बंद भिंतीकडे तोंड करून. वाट कडेनं मोकळी झाली. यात मी एक शब्द बोलले नव्हते.

साडेपाचला मी सगळ्यांना लॅपटॉप सोडायला सांगितले आणि प्रोजेक्टरनं भिंतीवर एकच पडदा लावला. घड्याळ रात्री आठवर नेलं आणि तिथंच थांबवलं. अभ्यासिकेतले दिवे बंद केले. भूखंडात दिवा एकच, गल्लीच्या तोंडाचा, जसा खरा होता. मी विचारलं, बसमधून उतरून घरी कोण येतं? आमच्या मागच्या ओळीतली एक ताई पुढे आली. वाशीला एका दुकानात कामाला आहे, आठनंतर सुटते. तिनं आयुष्यात माउस धरला नव्हता, म्हणून एका मुलीनं कळा दाबल्या आणि ताई नुसतं सांगत होती: पुढे, पुढे, उजवीकडे. भगदाडातून आत आली. वीस-पंचवीस ठोकळे गेली आणि पंपाच्या खोलीपाशी म्हणाली, "थांब." मग काही क्षण बोललीच नाही. नंतर म्हणाली, "इथून मी पळत येते. रोज. घरी सांगितलं नाही कधी." तिची सासू खोलीत बसली होती.

त्यानंतर एकेक बाई उठली. प्रत्येकीनं तीच वाट चालून दाखवली आणि प्रत्येकीचा थांबण्याचा ठोकळा जवळपास तोच होता. पंपाच्या खोलीच्या मागे काय आहे ते दिसत नाही, डावीकडे दोन मीटर उंच भिंत, त्यामुळे ओळीतली घरं दिसत नाहीत आणि घरातून इकडचं कुणाला दिसत नाही. एकीनं विचारलं, भिंत कमी केली तर? हात चालवणाऱ्या मुलीनं वरचा थर काढला. दोन ठोकळ्यांची भिंत एक ठोकळ्याची झाली आणि त्याच जागेवरून पलीकडच्या घरांच्या उजेड असलेल्या खिडक्या दिसायला लागल्या. ताई म्हणाली, "ती माझी खिडकी." हनोईच्या वेशीवरच्या भागात शाळकरी मुलींनी याच पद्धतीनं आपल्या रस्त्यांतल्या भीतीच्या जागा दाखवल्याचं मी वाचलं होतं, पण वाचणं आणि आपल्या ओळीतली बाई अंधारात बोलताना ऐकणं यात फार अंतर आहे. मी प्लॅनमध्ये दिवे दाखवले होते, छान समान अंतरावर, बारा-बारा मीटरवर. भिंत मला सुचलीच नव्हती, कारण वरून पाहिल्यावर भिंत म्हणजे एक रेघ असते.

माझ्या ऑफिसच्या ओळखीतून कुणी तरी डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट देऊ केला होता. आम्ही तो तासभर वापरून पाहिला आणि परत केला. एकजण आत, बाकीचे बाहेर बसून वाट बघणार. आत गेलेल्या काकूंना गरगरलं. आणि ती ताई जेव्हा थांबली तेव्हा तिची सासू तेच बघत होती, यातच सगळं होतं. ज्याला असे कार्यक्रम करायचे असतील त्यानं पैसे एका बऱ्या प्रोजेक्टरवर घालावेत असं माझं ठाम मत आहे.

या ठोकळ्यांच्या जगात ऊन लागत नाही, डास चावत नाहीत, गटाराचा वास येत नाही. तिथला दिवा दर ठोकळ्यामागे उजेडाची एकेक पायरी कमी करत जातो, खरा एलईडी दिवा तसा वागत नाही, त्याच्या खांबाची उंची आणि झाडाची फांदी सगळं बदलतं. म्हणून शेवटचा निर्णय पडद्यावर घ्यायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या रविवारी आम्ही फक्कीची, म्हणजे मैदानावर रेघा मारायच्या पांढऱ्या पावडरीची, दोन पोती आणली आणि पडद्यावर ठरलेलं सगळं खऱ्या जमिनीवर एकास एक मापात मारलं. वाट, पिच, बाकांच्या जागा, दिव्यांच्या जागी विटा. बाकाच्या उंचीचे भाजीचे क्रेट एकमेकांवर ठेवून आप्पांना बसवून बघितलं. ते बसले आणि उठले, दोन्ही हात मांड्यांवर, कुणाचा आधार न घेता. मग पुन्हा बसले.

तिथेच माझी चूक उघडी पडली. फक्कीची वाट उंबराच्या कोपऱ्यातून वळून भगदाडाकडे जात होती. गावातल्या सगळ्यात वयस्क मावशी तिथं येऊन थांबल्या आणि पायानं फक्की पुसायला लागल्या. मी धावत गेले. त्या म्हणाल्या, "पावसाल्यान तिथं पानी भरतं, पोरी. गुडघ्यापावत. आमची खाचरं होती यो, मना माहीत नाय?" वहीतले ४० सेंटिमीटर माझ्यासमोर उभे राहिले. पाणी कुठं जातं हे मी मोजून ठेवलं होतं आणि मॉडेलमध्ये बसत नाही म्हणून सोडून दिलं होतं. मग इतक्या माणसांनी त्या सपाट जमिनीवर चालून पाहिलं आणि कुणालाही पाणी आठवलं नाही, कारण पडद्यावर उतारच नव्हता. आपलं शहर खाडीकाठचं, भरतीच्या पातळीच्या खालचे भाग असलेलं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला ठिकठिकाणी धारण तलाव खोदावे लागले, हे इथं राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला तर नोकरीमुळे जास्तच माहीत असायला हवं होतं. त्या मावशी फक्की मारायच्या दिवशी आल्या नसत्या तर आम्ही जुलैत बुडणारी वाट मागितली असती.

वाट तिथल्या तिथं सरकवली. उंबराचा कोपरा खोलगटच ठेवायचा, फरशी घालायची नाही, पाणी मुरू द्यायचं आणि भोवती कर्दळ, अळू असं ओलं सहन करणारं लावायचं असं ठरलं. आप्पांचा बाक उंबरावरून सोनमोहराखाली गेला. त्यांना ते थोडं लागलं, उंबराची सावली दाट असते म्हणाले. घरी आल्यावर मी मॉडेलमध्ये सगळी जमीन एक ठोकळा वर उचलली आणि उताराच्या जागी अर्धे ठोकळे, पाव ठोकळे वापरून पायऱ्या-पायऱ्यांनी तो दाखवला. दिसायला ओबडधोबड झालं, पण आता उतार उंबराकडे जातो हे दिसतं. पाव ठोकळा भाच्यानं स्वतः तयार केला, लुआ भाषेत चार ओळी लिहून.

मग अर्ज. ज्या कार्यालयात दिला तिथल्या पहिल्या टेबलावर मॉडेल दाखवायला लॅपटॉप उघडला, तर उत्तर मिळालं, खेळ बघायला वेळ नाही, कागदावर नकाशा आणा. मी कागदावर नकाशा नेला, माप, उतार, झाडं, मागण्यांचा क्रम आणि एकशे अठरा सह्या. क्रम मतदानानं ठरला होता: पहिली भिंत, दुसरे दिवे, तिसरं फाटकाचं कुलूप, चौथे बाक, पाचवी वाट. मुलांना खेळाची जागा पहिली हवी होती, पण ताईच्या त्या संध्याकाळनंतर मुलांनीच भिंतीला हात वर केले. कागद तीन महिने फिरला. चौथ्या महिन्यात जागा बघायला एक तरुण अभियंता आले. त्यांना मात्र मी फोनवर रात्रीच्या फेरीचा व्हिडिओ दाखवला, दोन मिनिटांचा. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि पंपाच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिले.

राडारोडा उचलला गेला. पंपाच्या खोलीच्या बाजूचा भिंतीचा तुकडा, अकरा मीटरचा, कमरेएवढा करून त्यावर जाळी लागली. दोन दिवे लागले, मागितले होते पाच. फाटकाचं कुलूप सकाळी साडेपाच ते रात्री दहा उघडं असतं, किल्ली मंडळाकडे आहे. वाट आणि बाक मंजूर नाहीत. बाकांसाठी आम्ही ओळीत वर्गणी काढतोय, पन्नास सेंटिमीटर उंचीचे, एका बाजूला दांडा असलेले. गवंडीदादा मजुरी घेणार नाहीत म्हणालेत.

टेम्पो अजून उभे राहतात. त्यांचे मालक आमच्यातलेच आहेत, त्यांची पोटं त्यावर आहेत, आणि आमच्या एकाही टोळीत ते नव्हते. हे मला खटकतंय. पुढच्या महिन्यात त्यांना बोलवायचं आहे, बाजारातून सुटल्यावर, म्हणजे दुपारी दोननंतर. भाचा टेम्पोचं मॉडेल बनवतोय. पाच ठोकळे लांब, दोन रुंद, वळायला किती जागा लागते ते काल आम्ही एका खऱ्या टेम्पोला वळवून टेपनं मोजलं.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेनऊला मी फाटकाजवळ उभी होते. ताई बसमधून उतरून आली. पंपाच्या खोलीपाशी आली तेव्हा तिचा वेग तोच राहिला. मी हाक मारली, तर थांबून म्हणाली, दुसरा दिवा मागच्या बाजूला हवा होता गं, खोलीची सावली अजून वाटेवर पडते. आम्ही दोघी मागे जाऊन बघितलं. खरंच पडते, साडेतीन मीटर.